जुन्या संगणकाची सुरक्षितता : एक आर्थिक प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



१४ ऑक्टोबर २०२५ या एका दिवसात जगातील कोट्यवधी घरगुती संगणक म्हातारे ठरले. त्या दिवशी त्यांपैकी कोणाचा पंखा बंद पडला नाही, पडद्यावर काळोख पसरला नाही, की कळफलकावरचे एखादे बटण निखळले नाही. आदल्या दिवशी जे काम ती यंत्रे करीत होती तेच दुसऱ्या दिवशीही करीत राहिली. बदलले ते एवढेच की, मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीला विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. ही प्रणाली २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली. ती यावयाच्या आधी कंपनीच्याच एका प्रचारकाने ही विंडोजची अखेरची आवृत्ती असल्याचे जाहीर सभेत सांगून टाकले होते. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘विंडोज ११’ आली आणि तिच्याबरोबर अटीही आल्या. यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था हवी. प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो ढोबळमानाने आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा हवा. परिणामी २०१६ साली कर्ज काढून घेतलेले आणि आजही धडधाकट असलेले यंत्र नव्या प्रणालीस अपात्र ठरले. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच असा अंदाज वर्तविला होता की, या एका निर्णयामुळे सुमारे २४ कोटी संगणक भंगारात निघू शकतील.

अर्थशास्त्रात घसाऱ्याचे दोन प्रकार शिकविले जातात. यंत्र वापरून झिजते तो एक. आणि अधिक चांगले वा स्वस्त यंत्र निघाल्यामुळे जुन्याचे मोल उतरते तो दुसरा. या दुसऱ्या प्रकाराला मार्क्सने ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात नैतिक घसारा असे नाव दिले आहे. संगणकाच्या बाबतीत मात्र एक तिसराच प्रकार रूढ झाला आहे. त्यास फतव्याने होणारा घसारा म्हणावे लागेल. यंत्र झिजलेले नाही, त्याच्या मालकाला अधिक चांगल्या यंत्राची गरजही नाही. पण विकणाऱ्याने तारीख घातली आणि मालकाची वस्तू धोक्याची झाली. ही कल्पना अगदीच नवी नव्हे. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हा येथे विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरविले आणि जो कारखाना अधिक टिकाऊ दिवे काढील त्याला दंड ठोठावला. १९३२ च्या मंदीत बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थाने तर एक पुस्तिका लिहून सरकारनेच प्रत्येक वस्तूला मुदत घालून द्यावी, म्हणजे कारखाने चालू राहतील, असा उपाय सुचविला होता. लंडनच्या योजनेत निदान सरकार तरी होते. येथे तेही नाही.

तथापि कंपनीवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दहा वर्षे दुरुस्त्या पुरविणे ही काही लहान गोष्ट नाही, आणि कोणतीही संस्था आपली जुनी वस्तू जन्मभर सांभाळीत बसणार नाही. आक्षेप आहे तो निराळा. मोटारीच्या कंपनीने जुन्या गाडीचे भाग बनविणे सोडले तरी रस्त्याकडेचा मिस्त्री ती गाडी चालू ठेवू शकतो. कारण बॉनेट उघडून आत पाहण्यास त्याला कोणाची मनाई नसते. विंडोजची मूळ संहिता बंद कुलपात आहे. कंपनी स्वतः दुरुस्ती करणार नाही आणि दुसऱ्यालाही करू देणार नाही, ही जी दुहेरी स्थिती आहे तीच मक्तेदारीची खरी खूण होय.

आता ‘दुरुस्ती’ म्हणजे नेमके काय, हे पाहू. संगणकाची प्रणाली ही कोट्यवधी ओळींची रचना असते आणि इतक्या मोठ्या रचनेत चुका राहणे अटळ असते. त्यांपैकी काही चुका अशा असतात की, त्यांतून परक्याला आत शिरता येते. संशोधकांना, गुप्तहेर खात्यांना आणि चोरांना अशी खिंडारे सतत सापडत असतात. कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यांवर ठिगळे प्रसिद्ध करते. आणि येथेच जुन्या संगणकाचे खरे दुखणे आहे. नव्या आणि जुन्या प्रणालीचा पुष्कळसा भाग समान असतो. नव्या प्रणालीला ठिगळ लागले की, ते कोठे लागले हे पाहून जुन्या प्रणालीत भोक कोठे आहे याचा पत्ता चोराला लागतो. म्हणजे नव्याची दुरुस्ती हीच जुन्याच्या घरफोडीची जाहिरात ठरते, आणि ती दर महिन्याला निघते. मुदत संपलेली प्रणाली पहिल्या दिवशी फारशी धोकादायक नसते. ती महिन्यागणिक अधिकाधिक धोकादायक होत जाते. ‘सहा महिने झाले, काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे.

यावर एक उत्तर हमखास ऐकू येते : आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे काय? हे उत्तर देणारा चोर माणूस आहे असे गृहीत धरतो. वस्तुतः इंटरनेटवर घरे हुडकीत फिरणारा चोर हा स्वतःच एक कार्यक्रम असतो. तो श्रीमंत-गरीब पाहत नाही. क्रमाने एकेक पत्ता ठोठावतो आणि जे दार उघडेल तेथे शिरतो. घरात काही सापडले नाही तरी घर त्याच्या उपयोगाचे असतेच. तेथून त्याला पुढच्या घरांवर दगडफेक करता येते. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या कार्यक्रमाने लोकांच्या घरातील कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांच्या साहाय्याने ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्या यंत्रांच्या फौजेने डिन या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली. कॅमेऱ्याच्या मालकांना या सर्वाचा पत्ताही नव्हता. त्यांचे कॅमेरे नीट चालत होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला बाह्य परिणाम म्हणतात. कारखाना नदीत घाण सोडतो, नुकसान खालच्या अंगाच्या गावांचे होते, आणि कारखान्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद नसते. केंब्रिजचे रॉस अँडरसन यांनी २००१ साली एका निबंधात असे दाखवून दिले की, संगणकाच्या सुरक्षिततेचे अपयश पुष्कळदा तंत्राच्या उणिवेतून येत नसून, ज्याच्या हाती उपाय असतो त्याला नुकसान सोसावे लागत नाही, या विसंगतीतून येते. म्हणून घरातील जुना संगणक सुरक्षित ठेवणे ही केवळ ज्याची त्याची खाजगी बाब उरत नाही. ती देवीच्या लसीसारखी आहे. टोचून घेणाऱ्याचे रक्षण होतेच, पण शेजाऱ्याचेही होते.

या विसंगतीचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’चा हल्ला. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण राज्यसंस्था, भांडवल आणि सामान्य वापरणारा या तिघांचीही कसोटी तीत लागली. विंडोजमधील एक खिंडार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ठाऊक होते. तिने ते बुजविण्यासाठी कंपनीला कळविण्याऐवजी त्यावर एक हत्यार बनवून स्वतःजवळ ठेवले. पुढे ते हत्यार फुटले. कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी चालू आवृत्त्यांसाठी ठिगळ प्रसिद्ध केले. एका महिन्याने, १४ एप्रिलला, चोरलेले हत्यार जगजाहीर झाले. आणि १२ मे रोजी ते वापरून तयार केलेल्या कार्यक्रमाने सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून प्रत्येकी ३०० डॉलरची खंडणी मागितली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील २३६ पैकी किमान ८० विभागांचे काम विस्कळीत झाले. रुग्णांच्या सुमारे १९ हजार भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या असाव्यात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने दिला. भारतात आंध्र प्रदेशातील काही पोलीस ठाण्यांचे आणि पश्चिम बंगालच्या वीज वितरण कंपनीचे संगणक सापडले.

त्यावेळी विंडोज एक्सपी या प्रणालीची मुदत संपून तीन वर्षे झाली होती. ती ८ एप्रिल २०१४ रोजी संपली होती. ब्रिटिश सरकारने २०१४ साली सुमारे ५५ लाख पौंड मोजून एक वर्षाची मुदतवाढ विकत घेतली, आणि पुढच्या वर्षी काटकसर म्हणून तो करार सोडून दिला. एक्सपीसाठीचे ठिगळ हल्ल्याच्या आधीच तयार होते, परंतु ते केवळ पैसे भरणाऱ्या ग्राहकांसाठी होते. हल्ला झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १३ मे रोजी, कंपनीने ते सर्वांना फुकट दिले. म्हणजे औषध कपाटात होते. कपाटाला किल्ली होती.

परंतु कथेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. नंतरच्या तपासात असे आढळले की, बाधित झालेल्या यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रे एक्सपीची नव्हती. ती विंडोज ७ ची होती, आणि विंडोज ७ ची मुदत त्या वेळी संपलेली नव्हती. तिचे ठिगळ दोन महिन्यांपासून विनामूल्य उपलब्ध होते. कोणी ते लावले नव्हते. तेव्हा मक्तेदारीला दोष देताना आळसाला माफी देण्याचे कारण नाही. पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ रोजी, त्याच हत्याराचा उपयोग करणारा ‘नॉटपेट्या’ युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, त्याने मर्स्क या जहाज कंपनीला गाठले, आणि त्यामुळे आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. युक्रेनमधील हिशेबनिसाच्या टेबलावरचा संगणक आणि रायगड जिल्ह्यात रांगेत उभे राहिलेले ट्रक यांचा संबंध असा जुळतो.

विंडोज १० च्या बाबतीत कंपनीने पुन्हा किल्लीचेच धोरण ठेवले. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वर्षासाठी घरगुती ग्राहकांना मुदतवाढ देण्यात आली. पण ती घेण्यासाठी ३० डॉलर भरावेत, नाही तर कंपनीचे खाते उघडून संगणकाची मांडणी तिच्या साठवणीत ठेवावी, किंवा कंपनीच्या बक्षीस-योजनेतील एक हजार गुण खर्चावेत, असे पर्याय ठेवण्यात आले. याचा अर्थ रोकड द्या किंवा स्वतःची माहिती द्या. युरोपात ग्राहक संघटनांनी या अटींवर हरकत घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील नागरिकांसाठी ही मुदतवाढ विनामूल्य करण्यात आली. खात्याची अट मात्र तेथेही राहिली. दुरुस्ती एकच, तिचा उत्पादनखर्च एकच. पण पॅरिसच्या ग्राहकाला एक भाव आणि परभणीच्या ग्राहकाला दुसरा. ज्याच्या मागे संघटना त्याचा भाव कमी, हे कामगार चळवळीला नव्याने सांगावयास नको.

येथवर जगाचा विचार झाला. महाराष्ट्रात जुना संगणक घराघरांत आणि दुकानादुकानांत का टिकून आहे याचे एक खास कारण आहे, आणि ते मराठी अक्षरांशी निगडित आहे. छापखाने, डीटीपीची दुकाने, लहान नियतकालिके आणि पत्रके काढणाऱ्या संघटना यांचे काम वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम अशा पॅकेजांवर आणि पेजमेकरवर चालत आले. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली, तीच शेवटची. फाँट युनिकोडपूर्व; त्यांतला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की, कचऱ्याचा ढीग दिसतो. पॅकेजला डोंगल, तो हरवला वा नव्या यंत्राने ओळखला नाही की सारे ठप्प. ज्या माणसाची वीस वर्षांची लग्नपत्रिकांची, स्मरणिकांची आणि पाठ्यपुस्तकांची कमाई त्या फायलींत अडकली आहे, त्याला ‘नवा संगणक घ्या’ असे सांगणे म्हणजे भाकरी नसेल तर केक खा, असे सांगण्यासारखे आहे. त्यात पुन्हा पुष्कळ यंत्रांवरील विंडोजच मुळी चोरून घातलेली. तिला चालू करणारी जी फुकटची साधने मिळतात त्यांतच अनेकदा विषाणू दडलेला असतो, आणि ती दुरुस्त्यांची वाट बंद करून ठेवतात. यात नैतिकतेचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. किंमत आणि उत्पन्न यांचा मेळ नसला की अशा गोष्टी होतात. पण धोका मात्र खरा आहे.

अशा यंत्रासाठी सर्वात चांगला उपाय सर्वात स्वस्तही आहे : त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी. जुना संगणक वाईट नसतो, जोडलेला जुना संगणक वाईट असतो. पत्रक जुळविण्यासाठी, जमाखर्च लिहिण्यासाठी, जुन्या फायली उघडण्यासाठी यंत्राला इंटरनेट लागत नाही. मजकूर बाहेर पाठवावयाचा असेल तर त्याची पीडीएफ करून पेनड्राइव्हने दुसऱ्या, अद्ययावत यंत्रावर न्यावी. मात्र पेनड्राइव्ह हा स्वतःच एक रस्ता आहे, हे विसरू नये. २००८ च्या अखेरीस पसरलेला ‘कॉनफिकर’ त्यावरून फिरला, आणि २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने इराणमधील नतांझच्या अणुकेंद्रात, जेथे इंटरनेट नव्हते तेथे, याच मार्गाने प्रवेश मिळविला असे मानले जाते. म्हणून अशा कामासाठी एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, तो सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात लावू नये, आणि पेनड्राइव्ह घालताच त्यातील कार्यक्रम आपोआप सुरू होण्याची सोय यंत्रात बंद करून टाकावी. दरम्यान जुने फाँट युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम थोडे थोडे करीत राहावे. त्यासाठी परिवर्तक उपलब्ध आहेत, आणि मुद्रितशोधकाला त्यामुळे काम मिळेल हाही एक फायदाच.

ज्या यंत्राला इंटरनेट लागतेच, त्यासाठी मुक्त प्रणालीचा विचार प्रथम करावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि तेव्हापासून जगभरच्या लोकांनी मिळून एक अशी प्रणाली उभी केली आहे की, जिची संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते. हिला सहकारी मालमत्ता म्हणावयास हरकत नाही, फरक एवढाच की येथे भागधारकाला वापर करताच सभासदत्व मिळते आणि चेअरमनला कारखाना विकता येत नाही. लिनक्स मिंट किंवा डेबियन यांसारखी वितरणे पेनड्राइव्हवरून आधी नुसती चालवून पाहता येतात. पसंत पडली तर घालावीत. चार जीबी मेमरीच्या दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावर हलका एक्सएफसीई डेस्कटॉप घेतल्यास ब्राउझर, लिबर ऑफिस आणि युनिकोडमधील मराठी टंकलेखन ही कामे समाधानकारक होतात. इन्स्क्रिप्ट कळफलक तीत असतोच. केरळने २००१ साली सुरू केलेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पातून शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर आणून दाखविले, आणि मल्याळममधून आणून दाखविले. सीडॅकने ‘बॉस’ या नावाची लिनक्सची भारतीय आवृत्तीही भारतीय भाषांसह काढली. महाराष्ट्रात सीडॅकचे मुख्यालय असूनही शाळांच्या पातळीवर केरळसारखा प्रयत्न झाला नाही, याचा विचार येथील शिक्षक संघटनांनी करावयास हवा.

मुक्त प्रणालीच्या भक्तांनीही एक सत्य मान्य करावे. तेथेही वय मोजले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या इंटेल यंत्रांवर नव्याने बसण्याची सोय काढून टाकली. सांभाळणारे हातच कमी पडले की मुक्त सॉफ्टवेअरलाही घसारा लागतो. तरीही तेथे दार बंद केले जात नाही. ज्याला हौस आणि ज्ञान असेल त्याला तो भाग पुढे चालू ठेवता येतो. दुसरे असे की, पेजमेकर किंवा टॅलीवर सारे पोट असलेल्या माणसाला लिनक्सचा उपदेश करून उपयोग नाही. त्याने दोन यंत्रे ठेवावीत : कामाचे यंत्र तार नसलेले, आणि इंटरनेटचे यंत्र लिनक्सचे. दुसरे यंत्र भंगारातून उचललेले असले तरी चालेल.

विंडोजच ठेवावयाची आणि इंटरनेटही जोडावयाचे, अशीच स्थिती असेल तर पुढील दक्षता घ्यावी. तिने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. मुदतवाढ मिळत असेल तोवर ती घ्यावी. रोजचे काम प्रशासकाच्या खात्यातून न करता साध्या खात्यातून करावे. आत शिरलेल्या चोराला घरमालकाचे अधिकार मिळू नयेत म्हणून ही खबरदारी, आणि ती फुकट आहे. ब्राउझर कोणता आहे आणि त्याला अजून दुरुस्त्या मिळतात का हे पाहावे, कारण बहुतेक आक्रमणे त्याच दाराने येतात. क्रोमने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ ला सोडचिठ्ठी दिली. तेव्हा त्या यंत्रांवर दिसणारे ते ओळखीचे चिन्ह नुसते चिन्ह उरले आहे. फ्लॅश २०२० च्या अखेरीस संपले. ते अजून यंत्रात असेल तर काढून टाकावे, जुनी जावाही काढावी, दूरस्थ डेस्कटॉप आणि फायली वाटून घेण्याची जुनी एसएमबी-१ ही पद्धत बंद करावी. वॉनाक्राय याच पद्धतीतील भोकातून पसरला होता. विषाणुरोधक सॉफ्टवेअर घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. ते राखणदार आहे, गवंडी नव्हे. पडलेली भिंत ते बांधून देत नाही.

राउटरकडे कोणी पाहत नाही. वस्तुतः घरातील यंत्रांना बाहेरून थेट ठोठावता येऊ नये याची पहिली आड तोच घालतो. त्याचा कारखान्यातला पासवर्ड बदलावा, त्याची प्रणाली अद्ययावत करून घ्यावी. आणि तोही दहा वर्षांचा असेल तर संगणकाच्या आधी तो बदलावा. खर्चाच्या मानाने लाभ तेथे अधिक आहे. बँकेचे व्यवहार जुन्या यंत्रावर करूच नयेत. आणि महत्त्वाच्या कागदपत्रांची राखीव प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली राखीव प्रत खंडणीखोराच्या हाती मूळ प्रतीबरोबरच जाते.

वृद्ध मंडळींच्या बाबतीत एक निराळा धोका आहे. पडद्यावर अचानक लाल इशारा येतो, एक दूरध्वनी क्रमांक दिसतो आणि पलीकडचा नम्र आवाज यंत्र दुरून ताब्यात घेण्याचे सॉफ्टवेअर बसवावयास सांगतो. अशी बनावट मदत-केंद्रे आपल्याच देशात चालतात हे पोलिसांच्या छाप्यांतून वारंवार उघड झाले आहे. कोणतीही कंपनी असा इशारा देऊन फोन करावयास सांगत नाही. यंत्राचे बटण दाबून ते बंद करावे. पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. विषाणू काढून टाकण्याची विनामूल्य साधने सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे २०१७ पासून मिळतात; ती वापरणारे फार थोडे.

ही सारी काटकसरीची व्यवस्था झाली. मूळ प्रश्न कायद्याचा आहे. युरोपीय संघाचा सायबर प्रतिकारक्षमता कायदा १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला; त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याची तरतूद आहे. त्यानुसार उत्पादकाने सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या पुरविल्या पाहिजेत. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडावयाच्या वस्तू विकताना दुरुस्त्या किती काळ मिळतील हे सांगणे बंधनकारक झाले. आपल्याकडे औषधाच्या पट्टीवर मुदत छापलेली असते, आणि बिस्किटाच्या पुड्यावरही. पन्नास हजारांच्या संगणकाच्या खोक्यावर ती का नसावी? भारतात २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, पण ते वस्तू कचरा झाल्यानंतर लागू होतात; वस्तू अकाली कचरा होऊ नये याची चिंता त्यांत पुरेशी नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्याच्या २२.३ टक्क्यांचीच रीतसर गोळाबेरीज व पुनर्वापर झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने निघालेला २०२४ चा अहवाल सांगतो. उरलेल्यापैकी बराचसा दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो. त्यामुळे तीन मागण्या रास्त ठरतात : दुरुस्तीची मुदत विक्रीच्या वेळी छापावी, सरकारी पैशाने घेतलेल्या संगणकांत मुक्त प्रणालीला प्राधान्य असावे, आणि कंपनीने ज्या प्रणालीची जबाबदारी सोडली तिच्या दुरुस्तीचा हक्क इतरांना मिळावा. तिसरी मागणी आज अवास्तव वाटेल. आठ तासांचा दिवसही एके काळी तसाच वाटत होता.

शेवटी कार्यकर्त्यांच्या कचेऱ्यांविषयी. घरकामगारांचे, हमालांचे, बांधकाम मजुरांचे अर्ज भरून देण्याचे काम या कचेऱ्यांत चालते. २०२१ मध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली तेव्हापासून तर अधिकच. त्या कामात लोकांची आधारपत्रे, बँकेची पासबुके, मुलांचे दाखले यांच्या प्रती कोणीतरी देणगी दिलेल्या जुन्या संगणकात साठत जातात आणि काम झाल्यावरही तेथेच पडून राहतात. स्वतःचा संगणक उघडा ठेवणे हा एक निष्काळजीपणा. दुसऱ्याच्या विश्वासाने दिलेली कागदपत्रे उघड्यावर ठेवणे हा त्याहून गंभीर अपराध आहे, कारण ज्याच्या खात्यातून दोन हजार रुपये जातील त्याची महिन्याची चूल त्यावर असते. अर्ज मंजूर झाला की त्या प्रती पुसून टाकाव्यात. ठेवणे भागच असेल तर तार नसलेल्या यंत्रात, कुलूप घालून ठेवाव्यात. आणि यंत्र अखेर भंगारवाल्याला द्यावयाचे ठरले तर त्याआधी डिस्क बाहेर काढावी. फायली ‘डिलीट’ केल्याने त्या जात नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. सर्व डिस्कवर शून्ये लिहिणारा कार्यक्रम लिनक्समध्ये असतो. तो चालविण्याइतके यंत्र धड नसेल, तर डिस्क ड्रिलने दोन-तीन ठिकाणी भोसकावी आणि मग उरलेले खोके वजनावर द्यावे.